चिऊताईचं दार

'फीडबॅक' हा शब्द आपल्याला नवीन नाही. सेमिस्टर संपताना जो फॉर्म आपण पाच मिनिटांत भरतो आणि सगळ्यांना 'व्हेरी गुड' देऊन कँटीन गाठतो, तोही फीडबॅक. आणि कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरच्या आदल्या रात्री ज्याने आपली झोप उडवलेली असते, तोही फीडबॅकच! पहिल्यामुळे कुणाच्या शिकवण्यात फरक पडल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. दुसऱ्यावर मात्र सगळं जग चालतं. गीझर, फ्रीज, इस्त्री, आपल्या होस्टेलच्या टाकीतला बॉलकॉक... काय मोजायचं, किती हवंय त्याच्याशी ताडून बघायचं, फरक असेल तर वाल्व उघडायचा किंवा बंद करायचा. झाली कंट्रोल सिस्टीम! बाकी सगळं लाप्लासचं गणित.

मित्रमैत्रिणींनो, आज मी तुम्हाला अशाच एका सिस्टीमबद्दल सांगणार आहे. ती कुठल्या फॅक्टरीत नाही, तुमच्या-माझ्या अंगात आहे. पेशी आपल्याला लागणारी वस्तू बाहेरून किती घ्यायची हे कसं ठरवते, असा हा विषय. तुम्ही म्हणाल, इन्स्ट्रुमेंटेशनची पोरगी बायोलॉजीत कशाला नाक खुपसतेय? बारावीला बायो सोडताना मीही सुटकेचा श्वास टाकला होता. पण हे मी परीक्षेसाठी वाचलेलं नाही. आमच्या घरात जेवणाच्या ताटावरून जे रामायण झालं, त्यामुळे वाचलं. ते रामायण पुढे येईलच. आधी थोडी थिअरी. कंटाळवाणी होऊ देणार नाही, हा शब्द!

लहानपणची चिऊ-काऊची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, आणि तो चिऊच्या दारावर टकटक करत बसतो. चिऊ काही लवकर दार उघडत नाही. आत तिची कामं चाललेली असतात, बाळाची आंघोळपांघोळ चाललेली असते. दार कधी उघडायचं हे बाहेर कोण किती भिजतंय यावर ठरत नाही. आत काय चाललंय यावर ठरतं.

पेशीचं घरही असंच, जवळजवळ मेणाचंच असतं बरं का! पेशीपटल म्हणजे स्निग्ध रेणूंचे एकाला एक चिकटलेले दोन थर. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडसारखे रेणू त्यातून सहज आरपार जातात. पण ज्याच्या अंगावर विद्युतभार आहे त्याला हे मेण आत घेत नाही. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह यांच्यासाठी वेगळी दारं लागतात. ही दारं प्रथिनांची असतात, आणि ती किती बसवायची, कधी काढून टाकायची, हे पेशीच्या हातात असतं. म्हणजे वाल्व आला. वाल्व आला की कंट्रोलर आलाच!

यातल्या एकाच वस्तूची गोष्ट मी धरून ठेवणार आहे. ती म्हणजे लोह.

लोहाशिवाय आपलं चालत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये ऑक्सिजन धरून ठेवतं ते लोहच. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असतं. म्हणजे दोन-चार बारीक खिळे होतील एवढंच! त्यातलं सुमारे दोन-तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असतं. पण हाच पदार्थ मोकळा सुटला तर घातकी. पेशीत तयार होणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा गुंड जन्माला येतो. तो समोर येईल ते, म्हणजे डी.एन.ए., प्रथिनं, पेशीचं मेण, सगळं फोडत सुटतो. केमिस्ट्रीत याला फेंटनची अभिक्रिया म्हणतात. थोडक्यात काय, लोह कमी पडलं तरी पंचाईत आणि जास्त झालं तरी पंचाईत. सेट पॉइंट अगदी नेमका हवा.

आता एक पेशी हे कसं सांभाळते ते बघा. रक्तातून लोह सुटं फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन त्याची ने-आण करतं. एका ट्रान्सफेरिनवर लोहाच्या दोन अणूंना जागा असते, म्हणजे डबलसीटच म्हणा ना! पेशीच्या दारावर या गाडीला पकडणारा रिसेप्टर असतो. गाडी पकडली की रिसेप्टरसकट ती आत ओढली जाते, आत आम्लता वाढते, लोह उतरतं, आणि रिकामी गाडी परत बाहेर सोडली जाते. आत आलेलं जास्तीचं लोह ठेवायला फेरिटिन नावाची कोठी असते. एका कोठीत साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात.

म्हणजे लोह कमी असेल तर पेशीला दोन गोष्टी करायला हव्यात: दारं वाढवायची आणि कोठ्या बांधणं थांबवायचं. जास्त असेल तर बरोबर उलटं. गंमत म्हणजे ही दोन्ही कामं एकच सेन्सर करतो. रिसेप्टर आणि फेरिटिन बनवायच्या सूचना ज्या चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या असतात, त्या मेसेंजर आर.एन.ए.वर केसांच्या पिनेसारखा वळलेला एक छोटा तुकडा असतो. १९८७ साली तो पहिल्यांदा फेरिटिनच्या चिठ्ठीवर ओळखला गेला. पेशीत लोह कमी असलं की आय.आर.पी. नावाची प्रथिनं या पिनांवर जाऊन बसतात. फेरिटिनच्या चिठ्ठीवर ही पिन सुरुवातीलाच असते. तिथे कुणी बसलं की चिठ्ठी वाचताच येत नाही, कोठी बनत नाही. रिसेप्टरच्या चिठ्ठीवर अशा पिना शेवटाकडे असतात. तिथे कुणी बसलं की चिठ्ठी फाटण्यापासून वाचते, जास्त काळ टिकते, आणि दारं जास्त बनतात. सेन्सर एक, पिन सारखीच, फक्त जागा वेगळी आणि परिणाम उलटा! आमच्या लॅबमध्ये एवढं करायला एक रिले, एक इन्व्हर्टर आणि दोन जर्नलची पानं लागतात.

आणि लोह वाढलं की? आय.आर.पी. दोन प्रकारचे असतात. पहिल्याच्या पोटात लोह आणि गंधकाचा एक गठ्ठा बसतो आणि तो पिनेवरून उठून चक्क दुसऱ्या नोकरीला लागतो; अकोनिटेज नावाचं एन्झाइम म्हणून काम करायला लागतो. दुसऱ्याला पेशी मोडीत काढते. पिना मोकळ्या होतात, दारं कमी होतात, कोठ्या वाढतात. ज्या वस्तूचं नियंत्रण करायचं तीच वस्तू स्वतः सेन्सरमध्ये जाऊन बसते. निगेटिव्ह फीडबॅकचं याहून चोख उदाहरण मला तरी आपल्या टेक्स्टबुकात सापडलेलं नाही.

इथपर्यंत एका पेशीची गोष्ट झाली. पण अख्ख्या शरीराचं काय? इथे एक भलतीच अडचण आहे. साखर जास्त झाली तर लघवीवाटे जाते, मीठ जास्त झालं तर मूत्रपिंड बाहेर टाकतं. लोहाला मात्र अशी बाहेरची वाटच नाही! मॅककान्स आणि विडोसन या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९३७ सालीच हे मांडलं होतं, की शरीरातल्या लोहाचं प्रमाण बाहेर टाकून नव्हे तर आत घेण्यावरच ठरतं. आतड्याच्या आणि कातडीच्या पेशी झडतात, थोडं रक्त जातं, त्यातून रोज एक-दोन मिलिग्रॅम लोह आपोआप निघून जातं, तेवढंच. म्हणून आतडंही रोज एक-दोन मिलिग्रॅमच आत घेतं.

आता हिशेब बघा. अस्थिमज्जेत दर सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी तयार होतात. त्यासाठी रोज वीस ते पंचवीस मिलिग्रॅम लोह लागतं. आतून येतात एक-दोन. मग बाकीचं? ते भंगारातून! तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हातारी झाली की प्लीहेतल्या आणि यकृतातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिला गिळतात, लोह काढून घेतात आणि परत रक्तात सोडतात. रीसायकलिंग प्लांटच म्हणा. जेवणातून येणारं लोह हे या मोठ्या चक्रातलं छोटंसं टॉप-अप आहे. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आतड्याच्या पेशीतून रक्तात आणि मॅक्रोफेजमधून रक्तात, दोन्हीकडे लोह बाहेर पडायचं दार एकच: फेरोपोर्टिन. आणि या दाराची किल्ली असते यकृताकडे. किल्लीचं नाव हेप्सिडिन. अवघ्या पंचवीस अमिनो आम्लांचा हा इवलासा हार्मोन. रक्तात आणि साठ्यात लोह पुरेसं झालं की यकृत हेप्सिडिन सोडतं. ते फेरोपोर्टिनला जाऊन चिकटतं आणि पेशी ते दारच चौकटीसकट आत ओढून मोडून टाकते. २००४ साली हे सिद्ध झालं. आतड्याच्या पेशीत आलेलं लोह मग तिथेच अडकतं, आणि काही दिवसांत ती पेशी झडते तेव्हा तिच्याबरोबर वाहून जातं. लोह कमी पडलं की हेप्सिडिन घटतं, दारं टिकतात, लोह आत येतं. मज्जेला अचानक जास्त रक्त बनवायचं असेल, म्हणजे समजा रक्तस्राव झाला, तर तिथून एरिथ्रोफेरोन नावाचा निरोप यकृताला जातो की बाबा, हेप्सिडिन कमी कर. हा निरोप्या २०१४ साली सापडला.

म्हणजे वर शरीराचा मोठा लूप, खाली प्रत्येक पेशीचा छोटा लूप. अगदी पुस्तकातलं कॅस्केड कंट्रोल नाही, पण त्याच्या जवळपास जाणारं. रक्तात किती लोह सोडायचं हे यकृत बघतं, आणि त्यातलं आपण किती उचलायचं हे प्रत्येक पेशी आपापलं बघते.

थिअरी इथे थांबवते. आता घरातलं रामायण.

आमचं गाव कराडजवळ. घरात आई, बाबा, आजी, मी होस्टेलला. आजीला सहा-सात वर्षांपासून आमवात. बोटांची पेरं सुजलेली, सकाळी उठल्यावर तासभर मुठी वळत नाहीत. त्याची आम्हाला सवय झाली होती, तिलाही. मागच्या वर्षी दिवाळीआधी तिला दम लागायला लागला. परसात जाऊन आली तरी पायरीवर टेकायची. तपासणीत हिमोग्लोबिन निघालं ८.४. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनी परत तपासलं. ८.३!

या तीन महिन्यांत आमच्या स्वयंपाकघरात जे जे म्हणून लाल, काळं आणि हिरवं असतं ते सगळं शिजून झालं. बीट, खजूर, काळे मनुके, गूळ-शेंगदाणे, पालक, शेवग्याचा पाला, हळीवाचे लाडू. आईने माळ्यावरची लोखंडी कढई काढली, घासून लख्ख केली आणि सगळ्या भाज्या तिच्यात करायला लागली. आजी जेवायला बसली की ती समोर बसून राहायची. उठताना ताटात दोन घास जरी उरले तरी तिचा चेहरा पडायचा.

आत्या ठाण्याला असते. तिचा आईवर राग नाही, खरं तर दोघींचं चांगलं जमतं. पण रिपोर्ट ऐकल्यावर ती फोनवर म्हणाली, "वहिनी, आईच्या ताटाकडे जरा बघत जा हो." बस, एवढंच. मग संक्रांतीला काकू आल्या, त्यांनी हळदीकुंकवाला चार बायकांत हाच विषय काढला. "म्हाताऱ्या माणसाचं पोटापाण्याचं सुनेलाच बघावं लागतं, नाही का?" आई तिळगूळ वाटत राहिली. रात्री बाबा काहीतरी समजावायला गेले तर ती त्यांच्यावर भडकली, आणि मग मोरीत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी. मी सुट्टीला घरी होते, सगळं ऐकत होते. एका आकड्याने माझ्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, आणि तिच्याजवळ बचावाचं काहीच नव्हतं. कारण खरंच ती घालत होती आणि खरंच रक्त वाढत नव्हतं.

फेब्रुवारीत बाबांनी आजीला शहरात मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले. त्यांनी आणखी तपासण्या सांगितल्या. रिपोर्ट आला तो चक्रावणारा होता. रक्तातलं लोह कमी, पण फेरिटिन, म्हणजे कोठी, ४१० ! आणि अंगातला दाह दाखवणारा सी.आर.पी. चांगलाच वाढलेला. डॉक्टर म्हणाले, "आजींच्या अंगात लोह आहे. भरपूर आहे. कुलपात आहे." मी विचारलं, "कुलूप लावलं कुणी?" त्यांनी जरा आश्चर्याने माझ्याकडे बघितलं आणि लॅबच्या पाकिटामागे एक शब्द लिहून दिला: हेप्सिडिन. पुढचे दोन आठवडे मी सबमिशन सोडून तेच वाचत होते.

हेप्सिडिनचा शोध लोहाच्या मागे लागलेल्यांनी लावलेलाच नाही. शरीरात जंतू मारणारी छोटी प्रथिनं कोणती, हे शोधणाऱ्यांना ते सापडलं. २००० साली जर्मनीतल्या गटाला रक्तातून, २००१ साली अमेरिकेतल्या गटाला लघवीतून. नावातच ते आहे: 'हेप' म्हणजे यकृत, आणि 'सिडिन' म्हणजे मारणारं. २००१ सालीच पॅरिसमध्ये दुसऱ्याच एका जनुकावर काम चालू असताना काही उंदरांच्या अंगात लोहाचे ढीग साठलेले दिसले. बघतात तर त्या उंदरांत हेप्सिडिन बनतच नव्हतं! तेव्हा कुठे दोन्ही धागे जुळले.

पण जंतूंचा आणि लोहाचा संबंध काय? तर जंतूंनाही लोह लागतं, आणि त्यांच्याकडेही हाच फीडबॅक आहे. ई. कोलाय या जंतूत फर नावाचं प्रथिन असतं. लोह पुरेसं असलं की ते लोहासकट डी.एन.ए.वर बसतं आणि लोह मिळवायची सगळी यंत्रणा बंद ठेवतं. लोह कमी पडलं की ते उठतं, आणि जंतू सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू बनवून बाहेर सोडतो. हे रेणू म्हणजे भुरटे चोर. यजमानाचं लोह ओढून घेऊन मालकाकडे परत येतात. (थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावं लागतं आणि त्यातलं लोह साठत जातं. ते बाहेर काढायला वापरतात ते डेस्फेरिऑक्सामिन हे औषध मूळचं अशाच एका जिवाणूचं सिडेरोफोर आहे. चोरालाच हमाल केलं की नाही!)

म्हणून जंतूंचा हल्ला झाला की शरीर काय करतं? रसद तोडतं. दाहाच्या वेळी तयार होणारा इंटरल्यूकिन-६ हा निरोप यकृताला पोचतो आणि हेप्सिडिन झपाट्याने वाढतं. काही तासांत रक्तातलं लोह खाली येतं. आतड्याची दारं बंद, मॅक्रोफेजची दारंही बंद. वाढत्या तापात ही चाल शहाणपणाची आहे. आठवड्याने ताप उतरतो, कुलूप निघतं.

आमवातात मात्र बाहेरचा शत्रूच नसतो. शरीर आपल्याच सांध्यांशी लढत असतं, आणि ही लढाई वर्षानुवर्षं संपत नाही. इंटरल्यूकिन-६ वाढलेलंच, हेप्सिडिन वाढलेलंच, दारं बंदच. आणि मघाचा हिशेब आठवतोय ना? रोजच्या वीस-पंचवीस मिलिग्रॅमपैकी जेवणातून येतात एक-दोन. खरी मार बसते ती रीसायकलिंगवर. भंगारातलं लोह मॅक्रोफेजच्या कोठीत पडून, म्हणून फेरिटिन वर. आणि मज्जा रिकाम्या हाताने बसलेली, म्हणून हिमोग्लोबिन खाली. शिवाय दाहामुळे मज्जेचं रक्त बनवायचं कामही मंदावतं आणि फेरिटिनचा आकडाही थोडा फुगतो. आता अशा वेळी ताटात आणखी चार खजूर वाढले तर ते जाणार कुठे?

इन्स्ट्रुवाल्यांना हे लगेच कळेल. याला आपण ओव्हरराइड कंट्रोल म्हणतो. एरवी वाल्व फ्लो कंट्रोलरच्या ताब्यात असतो. पण लाइनमधलं प्रेशर हद्दीबाहेर गेलं की प्रेशर कंट्रोलर वाल्व आपल्या हातात घेतो, मग फ्लो सेट पॉइंटच्या कितीही खाली जाऊ दे. नुसता फ्लोचा मीटर बघणारा नवखा ऑपरेटर म्हणेल, वाल्व जॅम झालाय, किंवा पंप खराब आहे. दोन्ही ठीक असतात. दुसऱ्याच एका सिग्नलचं त्या वेळी चालत असतं. आजीचं आतडं बिघडलं नव्हतं, गोळ्या खोट्या नव्हत्या, आणि आईचा स्वयंपाक कमी पडत नव्हता. प्रेशर होतं सांध्यांत, आणि आम्ही सगळे मिळून पंपाला दोष देत होतो.

हे मी घरी ओट्यापाशी बसून, पाण्याच्या टाकीची चित्रं काढून सांगितलं. आजी ऐकून म्हणाली, "म्हंजे माझं आतडं संपावर गेलंय म्हण की!" मी म्हटलं, "संपावर नाही गं आजी, वरून ऑर्डर आहे." ती हसली. आई हसली नाही. ती कणीक मळत होती. बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "म्हणजे मी घालत होते ते कमी नव्हतं ना?" मी म्हटलं, "नव्हतं." तिने मान हलवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. त्या दिवशी आजीने अर्धी पोळी टाकली तरी आई काही बोलली नाही.

आत्यालाही फोनवर सांगितलं. तिला इंटरल्यूकिन वगैरे सांगून उपयोग नव्हता. तिला म्हटलं, तुमच्या सोसायटीत खालच्या टाकीत पाणी भरपूर आहे, पण सेक्रेटरीने वर चढवायचा वाल्व बंद केलाय, तर चौथ्या मजल्यावरच्या बाईने कितीही बादल्या मांडल्या तरी नळाला पाणी येईल का? ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "वहिनीला दे फोन." दोघी पाऊण तास बोलत होत्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही.

डॉक्टरांनी आमवाताची औषधं बदलली. दाह कमी करायचा, हाच उपाय, असं त्यांनी सांगितलं होतं. पाच महिन्यांनी सी.आर.पी. बराच उतरला आणि हिमोग्लोबिन १०.६ झालं. अजून पुरतं नॉर्मल नाही. पण आजी परसात जाऊन येते आणि पायरीवर न टेकता थेट ओसरीवर येऊन बसते. लोखंडी कढई अजून वापरात आहे, कारण भाजी तिच्यात चांगली होते.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या, नाहीतर माझा लेख वाचून कुणी पालक सोडायचं! आपल्या देशात रक्त कमी असणाऱ्या बहुतेक मुलींची गोष्ट आजीसारखी नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. त्यात लोह खरोखरच कमी असणं हे एक मोठं कारण आहे. अशा वेळी कोठी रिकामी असते, हेप्सिडिन खाली असतं, दारं सताड उघडी असतात. तिथे जेवण आणि गोळ्या यांचा उपयोग होतोच. मेसचा चहा जेवणाला लागून पिऊ नका, वरणावर लिंबू पिळा, हे आईचे सल्ले केमिस्ट्रीच्या दृष्टीनेही बरोबर आहेत: चहा लोह अडवतो, लिंबातलं क जीवनसत्त्व आत जायला मदत करतं.

तिथेही हा लूप जागाच असतो. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१५ आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. लोहाची मोठी गोळी घेतली की हेप्सिडिन सुमारे दिवसभर वर राहतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी टक्क्याने शोषलं जातं. एक दिवसाआड घेतली तर दर गोळीमागे जास्त लोह आत जातं. काल विसरले म्हणून आज दोन, हा आमच्या होस्टेलवरचा लाडका हिशेब इथे चालत नाही. चिऊताई एकदा दार उघडते, मग थोडा वेळ तिला आतली आवराआवर करू द्यावी लागते. अर्थात गोळी कधी आणि किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. मी फक्त टी.ई. इन्स्ट्रु आहे!

आणि कुणाच्या घरी असाच एखादा न हलणारा आकडा येऊन बसला असेल, तर आणखी कोणत्या तपासण्या करायच्या हे डॉक्टरांना जरूर विचारा. हिमोग्लोबिन हा आउटपुट आहे. आउटपुट कमी दिसला म्हणून स्वयंपाकघरातल्या बाईला धारेवर धरण्याआधी एकदा लूप काढून बघा, एवढंच आम्हा इन्स्ट्रुवाल्यांचं म्हणणं.

– तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन